पहिल्या पानावरच्या वत्सलाकाकू

कुकटपल्लीच्या रयतू बाजाराबाहेर तंगेडूची पिवळी फुलं घेऊन बायका बसू लागल्या, की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगाने चालते. पलीकडे फूटपाथ उखडलेला आहे, दुचाक्या अंगावर येतात, पण फुलं तरी डोळ्यांसमोर येत नाहीत. घरात यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. नवरा म्हणतो, "लोक पालीला भितात, आमची ही फुलांना भिते." मी त्याला हसू देते. हसण्यासारखंच आहे ते.

तंगेडू म्हणजे आपल्याकडचा तरवड. पुण्यात टेकडीवर तो माजलेला असायचा आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. इथे मात्र भाद्रपद सरत आला की त्याचा भाव वधारतो. गुनुगूचे पांढरे-जांभळे तुरे, झेंडू, तंगेडू असे थरावर थर रचून फुलांचा मनोरा करायचा, वर हळदीची गौर बसवायची, तो मधे ठेवून बायकांनी टाळ्या वाजवत गोल फिरायचं आणि शेवटच्या दिवशी वाजतगाजत तळ्यात सोडून यायचं. हा बतुकम्मा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी म्हणाले होते, "अय्या, हा तर आपला भोंडलाच!" फरक एवढाच की याची सुरुवात होते सर्वपित्री अमावास्येला. आपण ज्या सकाळी गेलेल्यांच्या नावाने कावळ्याला घास ठेवतो, त्याच दिवशी संध्याकाळी इथल्या बायका नटूनथटून फुलांभोवती फेर धरतात. या दोहोंच्या मधली दुपार मला दरवर्षी जड जाते.

लग्न होऊन हैदराबादला आलो तेव्हा आमचं पहिलं बिऱ्हाड तारनाक्याला होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा. इथे त्याला 'पोर्शन' म्हणतात. खाली घरमालक राहायचे, दिगंबरराव कदम. सगळी कॉलनी त्यांना अण्णा म्हणायची. रेल्वेतून निवृत्त झालेले, घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवाडीतलं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही हैदराबादला कधी आलात?" तर म्हणाले, "आलात तुमी लोकं, पुण्याहून. आमी कुठं आलो? आमचं गावच हैदराबादेत होतं." निजामाच्या राज्याचा नकाशा त्यांच्या डोक्यात अजून तसाच होता आणि त्यात पुणं परमुलखात पडायचं.

त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे असेल किंवा स्वभावच तसा असेल, पण काकूंना जगात एकच प्रश्न पडायचा. "जेवलीस का गं?" सकाळी आठला मी ऑफिसला निघाले तरी तोच, दुपारी पोस्टमन आला तरी तोच. तेलुगू माणसाला तेलुगूत, "तिन्नारा?" गॅसवाल्या पाशाभाईंना दखनीत, "खाना खाये क्या जी?" पुढच्याने 'हो' म्हटलं तरी त्याच्या हातावर काहीतरी पडायचंच. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी खरं तर त्या घरात खायला शिकले. पुण्याला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "चला, कुणीतरी वळण लावलं."

पुढे आम्ही कुकटपल्लीत फ्लॅट घेतला. तारनाक्याला जाणं सणावारांपुरतं उरलं. त्या दिवसांत काकू हळूहळू विसरू लागल्या. आधी आमटीत दोनदा मीठ. मग मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक. मग एकदा स्वतःच्याच फाटकाशी उभ्या राहून अण्णांना म्हणाल्या, "ह्या घरची माणसं चांगली दिसायलीत." अण्णा ही गोष्ट हसत सांगायचे आणि सांगताना दुसरीकडे बघायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, ते नाव त्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही. "थोडं इसरती," एवढंच. "जेवलीस का" मात्र काकू विसरल्या नाहीत. आणि टाळ्यांचा ताल विसरल्या नाहीत. बतुकम्माच्या फेरात त्यांचं पाऊल एकदाही चुकायचं नाही.

अशाच एका वर्षी, बतुकम्माच्या शेवटच्या दिवशी कॉलनीच्या पार्कात फेर सुरू होता. अण्णा फाटकाशी खुर्ची टाकून बघत बसले होते. ऊन उतरलं तशा बायका फुलांचे मनोरे डोक्यावर घेऊन तळ्याकडे निघाल्या, पुढे ढोल, मागे गर्दी. अण्णांना वाटलं, वत्सला शेजारच्या लक्ष्मीबरोबर आहे. लक्ष्मीला वाटलं, अम्मा अण्णांजवळ बसल्यात. "मैं समझी अम्मा आपके पास हैं," ती बिचारी रडून रडून सांगत होती. दोघांच्याही समजुतीत काही चूक नव्हती. वर्षानुवर्षं तसंच तर होत आलं होतं.

पोलिसांत तक्रार झाली. तळं शोधलं, देवाच्या दयेने तिथे काही मिळालं नाही. एका मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्यात मात्र काकू दिसल्या. गर्दीच्या कडेकडेने चालल्या होत्या, अंगावर घरातलं सुती पातळ, आणि हात टाळ्या वाजवत होते. मिरवणूक डावीकडे तळ्याच्या रस्त्याला वळली, काकू सरळ गेल्या. टाळ्या वाजवतच गेल्या. त्या चित्राला आवाज नव्हता. मला तो आजही ऐकू येतो. ऑफिसात कुणी वाढदिवसाला टाळ्या वाजवल्या तरी मी दचकते.

इथे माझ्या पोटापाण्याच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. लोक नेटवर काहीतरी शोधतात तेव्हा आमच्या गिऱ्हाइकाची वेबसाइट सगळ्यांत वर यावी, हे पाहणं माझं काम. दातांचा दवाखाना, लग्नाचा फंक्शन हॉल, तळ्याकाठचे बंगले, काहीही असो. माणूस काय शब्द टाइप करेल हे आधी ओळखायचं, ते शब्द पानाच्या माथ्यावर लिहायचे, आणि चार प्रतिष्ठित वेबसाइटींना गळ घालून त्यांच्या पानावर दुवा टाकून आपल्या पानाकडे बोट दाखवून घ्यायचं. नेटवरसुद्धा वशिल्याशिवाय काम होत नाही, हे मी आईला समजावलं तेव्हा तिला माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदा विश्वास वाटला. आमच्या धंद्यात एक विनोद आहे. प्रेत लपवायचं असेल तर कुठे लपवावं? सर्चच्या दुसऱ्या पानावर, तिथे कुणी फिरकत नाही. नव्या मुलांना शिकवताना मी हा विनोद हटकून सांगायची. आता सांगत नाही.

अण्णांनी पत्रकं छापून घेतली होती आबिड्सला. त्याच दुकानदाराने त्यांना वेबसाइटही करून दिली. मी भेटायला गेले तेव्हा अण्णा जवळपास उत्साहात होते. चष्मा वर करून, एका बोटाने त्यांनी फोनवर मराठीत लिहिलं, 'हरवलेल्या बाई हैदराबाद', आणि फोन माझ्यासमोर धरला. "बघ मंजू. पैला नंबर. साऱ्या दुनियेत पैली वत्सलाच दिसायली."

खरंच पहिली होती. मी पान उघडलं. वर काकूंचा फोटो, पुतण्याच्या लग्नातला. पैठणी, नथ, गजरा. खाली मोठ्या अक्षरांत, 'सौ. वत्सला दिगंबर कदम, माहेरच्या सूर्यवंशी'. गाव, शिक्षण सातवी, स्वभाव प्रेमळ व मनमिळाऊ. 'काही कामानिमित्त घराबाहेर पडल्या त्या परतल्या नाहीत.' लग्नाला उभ्या असलेल्या मुलीचा परिचय असावा तसा तो सगळा मजकूर होता. मराठवाड्यातल्या मानी घरातल्या माणसाने आपल्या बायकोबद्दल चारचौघांत लिहावं तर असंच लिहावं. आणि हरवलेलं माणूस शोधायला त्यातलं एक अक्षर उपयोगी नव्हतं.

फोनमध्ये एक खासगी खिडकी असते. ती उघडली की फोन तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही काल काय पाहिलं हे त्याला आठवत नाही. मी तिला अनोळखी खिडकी म्हणते. गिऱ्हाईक खूश होऊन सांगायला आलं, की "आम्ही पहिले आहोत", तर आम्ही पहिल्यांदा ती खिडकी उघडतो. कारण आपलंच पान आपण दिवसभर उघडत बसलो, की फोनला कळतं याला हेच हवंय, आणि तो तेच वर आणून ठेवतो. अण्णा दिवसभर दुसरं काय करत होते? मी माझ्या फोनवर ती खिडकी उघडली, तेच शब्द लिहिले. काकू पहिल्या पानावर नव्हत्या. दुसऱ्या पानावर नव्हत्या. त्यापुढे बघायचा धीर झाला नाही.

अण्णांना सांगितलं. ते आधी माझ्यावर चिडले. "तुझा फोन खराब हाय." मग लहान आवाजात म्हणाले, "म्हंजे मी एकटाच बघायलोय व्हय तिला?"

मग आमचं भांडण झालं. भांडणच म्हणायला हवं, कारण अण्णा माझ्यावर त्याआधी कधी ओरडले नव्हते. मी म्हणत होते, अण्णा, ज्याला काकू सापडतील त्याला त्यांचं नाव कुठे माहीत असणार? काकूंना स्वतःला ते सांगता येत नाही. तो माणूस 'वत्सला कदम' कशाला शोधेल? तो लिहील, म्हातारी बाई, मराठी बोलते, कुठून आली सांगता येत नाही.

"म्हातारी बाई?" अण्णांचा आवाज चिरकला. "बेवारस म्हातारी लिहू तिच्याबद्दल? भटकलेली? लोकांनी काय समजायचं, येडी होती म्हणून घरच्यांनी सोडली?"

"लोकांचं जाऊ द्या. अण्णा, समजा मी तुम्हाला ओळखत नाही, काकूंना ओळखत नाही. मी एका बसस्टँडवर उभी आहे. समोरून काकू आल्या. मला काय दिसतं?"

"वत्सला दिसती."

"मला वत्सला ठाऊक नाही."

"मग तुला काय बी दिसत नाही," अण्णा म्हणाले आणि उठून आत गेले.

मी बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. काही वेळाने ते चहा घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदलंय, तुळशीवृंदावन, आता निळं फिकट झालंय. पैठणीच्या पदराखाली ते फोटोत झाकलं होतं, आणि झाकावं म्हणूनच तो फोटो निवडला होता. डावा पाय किंचित ओढते. उभी राहिली की पदर बोटाला गुंडाळते. बोलताना मधेच थांबून हसते, कशाला ते तिलाच ठाऊक. इतक्या वर्षांच्या संसारात बायको परक्याला कशी दिसते हा विचार त्यांना कधी करावा लागला नव्हता, आणि तो करताना माणूस जणू स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरत होता. मला फार वाईट वाटलं. तरी मी लिहीत राहिले.

"आन् एक," ते म्हणाले. "कुणी बी दिसलं की इचारती, जेवलास का."

ते मी मराठीत, तेलुगूत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं. पानाच्या माथ्यावर आलं, 'वृद्ध स्त्री, मराठी बोलते, नाव-पत्ता सांगता येत नाही, भेटेल त्याला जेवलास का विचारते'. पैठणीचा फोटो काढून स्वयंपाकघरातला, घाम पुसतानाचा फोटो लावला. सौ. वत्सला दिगंबर कदम हे नाव पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत गेलं. अण्णांनी ते बोटाने खाली सरकवत सरकवत शोधलं. "पार उंबऱ्याच्या भाईर घातलं की तिला," एवढंच बोलले.

पुढचे काही महिने मी दिवसा तळ्याकाठच्या बंगल्यांना वर आणत होते आणि जेवणाच्या सुट्टीत काकूंना. हत्यारं तीच. बंगल्यांच्या पानावर 'तळ्याचं मोहक दर्शन' लिहिताना माझा हात थबकायचा. मराठी मंडळाला विनवलं, वृद्धाश्रमांना फोन केले, ज्येष्ठांच्या कट्ट्याचं संकेतस्थळ चालवणाऱ्या एका आजोबांना घरी जाऊन भेटले, की तुमच्या पानावरून आमच्या पानाकडे बोट दाखवा. ज्याची चार जण ओळख देतात त्याला नेट ओळखतं. हळूहळू अनोळखी खिडकीत काकू सरकू लागल्या. तिसऱ्या पानावरून दुसऱ्या, दुसऱ्याच्या तळाशी, मग मधे. मला स्वप्नात त्या जिना चढताना दिसायच्या, डावा पाय ओढत.

हिवाळ्यात एका दुपारी त्या पहिल्या आल्या. अनोळखी खिडकीत, सगळ्यांच्या वर. मी जागेवरून उठून ओरडलेच. सगळ्यांना वाटलं, मोठं गिऱ्हाईक लागलं. मी जिन्यात जाऊन अण्णांना फोन लावला. "अण्णा, काकू पहिल्या आल्या!"

पलीकडून अण्णांचा आवाज, "म्हंजे घावली?"

"नाही अण्णा. पान सापडलं," मी म्हटलं. ते म्हणाले, "हौ. पान तर पान." आणि मला विचारलं, "जेवलीस का?" हा प्रश्न आता त्यांच्या तोंडी आला होता. कधी आला ते मला कळलं नव्हतं.

पान वर आलं तसे फोन येऊ लागले. गावोगावच्या स्टँडवरून, देवळांतून, आश्रमांतून. प्रत्येक फोनला अण्णांचा आवाज आधी तरुण व्हायचा आणि फोन ठेवताना पुन्हा म्हातारा. झहीराबादकडच्या एका आश्रमातून फोन आला तेव्हा मात्र मलाही खात्री वाटली. व्यवस्थापक सांगत होते, बाई वयस्क आहेत, गोंदण आहे, पाय ओढतात, आणि सारख्या जेवलात का म्हणून विचारतात. मी सुट्टी टाकली. अण्णांनी पहाटे उठून स्वतः भाकरी थापल्या, चटणी कुटली, डबा भरला, काकूंचं धुवट पातळ घडी करून पिशवीत घातलं. वाटभर खिडकीतून बाहेर बघत होते. कपाशीची शेतं फुटली होती.

त्या बाई व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. लांबूनच अण्णांचं चालणं मंदावलं, आणि मला कळलं. त्या बाईंनी अण्णांकडे पाहून कानडीत विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का. बिदरकडच्या असाव्यात. अण्णांनी पिशवी खाली ठेवली, त्यांच्यासमोर बसले, डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. दोघं जेवले. एकमेकांची भाषा न कळता बराच वेळ बोलत होते.

त्या बाईंची माहितीही आम्ही काकूंच्या पानावर घातली. पुढे त्यांचा मुलगा तेच पान बघून त्यांना घरी घेऊन गेला. त्याने अण्णांना फोन करून देवासारखे भेटलात म्हटलं. अण्णांना खरोखर आनंद झाला होता, त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. मग फोनवर कळलेल्या आणखी काही आज्यांची माहितीही त्या पानावर येत गेली. पण झहीराबादहून परतताना गाडीत ते जे बोलले होते ते माझ्या मनातून जात नाही. "मंजू, साऱ्याच म्हाताऱ्या बाया जेवला का इचारतेत. साऱ्यांचेच पाय दुखतेत. साऱ्यांच्या हातावर गोंदलेलं हाय. आपण एवढं लिहिलं, त्यात वत्सला कुठं हाय?"

दर वर्षी तंगेडू फुलला की मी अनोळखी खिडकी उघडायची आणि बघायची. काकू पहिल्या. वय तेवढंच, घाम पुसणारा हात तसाच. लोक काय शब्द लिहून त्या पानावर आले हे मला माझ्या जागेवरून दिसतं. आई हरवली काय करावं. आमच्या दारात एक आजी बसली आहे. आजीला काही आठवत नाही. कुठली कुठली माणसं, कुठल्या गावांतून, एकेक ओळ लिहून अंधारात हाक मारल्यासारखी गेलेली. एकदा त्या शब्दांत एक ओळ दिसली, 'वत्सला कुठे आहे'. नाव तर पानाच्या तळाशी होतं, ते कोण लिहील? मग लक्षात आलं. अण्णा फोनला विचारत होते. त्यानंतर ती ओळ मला अधूनमधून दिसत राहिली. मी त्याबद्दल कधी बोलले नाही.

गेल्या वर्षी सर्वपित्रीच्या दुपारी अण्णांनी मला बोलावून घेतलं. नांदेडहून पुतण्याचा फोन आला होता. काका, आता किती दिवस असं? ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठीच सर्वपित्री असते. काकूंच्या नावाने घास ठेवून मोकळे व्हा. मुलगा वाईट नाही, काळजीपोटी बोलला.

अण्णा खूप वाळले होते. स्वयंपाकघरात काहीही मांडलेलं नव्हतं, घास नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. मला वाटलं, घाससुद्धा माझ्या देखत ठेवायचाय म्हणून बोलावलं असेल. मनाशी तयारी करून गेले होते.

"लॅपटॉप आणलीस?" त्यांनी विचारलं. "तिचं नाव वर घे."

"म्हणजे?"

"पैल्यासारखं कर. वर, मोठ्या अक्षरात. सौ. वत्सला दिगंबर कदम. पैठणीचा फोटू लाव. माहेरचं नाव लिही."

मी धंद्याच्या भाषेत बोलू लागले. की असं केलं तर पान खाली जाईल. पुन्हा दुसऱ्या, तिसऱ्या पानावर. कुणाला दिसणार नाही. एवढ्या वर्षांची मेहनत. उद्या खरंच कुणाला सापडल्या तर? माझा आवाज चढला होता. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ते पान वर आहे तोवर काकू कुठेतरी चालत आहेत, असं मला वाटायचं.

अण्णांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "लोकांनी शोधावं म्हणून मी तिला एक म्हातारी बाई केलं. नाव तळाला टाकलं. बाकीच्या बायांसाठी दुसरं पान कर, त्ये ऱ्हाऊ दे वर, माझा नंबर ऱ्हाऊ दे त्याच्यावर. माझ्या पायात बळ हाय तवर मी डबा घेऊन जाईन. पण वत्सलाला आता कोण शोधायलंय मंजू? मी एकटाच उरलो की. आन् मला तिचं नाव ठाऊक हाय."

"आणि घास?"

"पानावर कै. लिहितेस का सौ.?"

"सौ."

"मग सौ.ला कुणी घास ठेवतं का?" असं म्हणून अण्णा हसले. फार दिवसांनी हसले.

मी तिथेच बसून बदल केले. बाकीच्या आज्यांसाठी वेगळं पान काढलं, सगळे लागेबांधे, सगळी दाखवलेली बोटं तिकडे वळवली. काकूंच्या पानावर नाव माथ्यावर आलं, नथ आली, गजरा आला, शिक्षण सातवी, स्वभाव प्रेमळ व मनमिळाऊ. अण्णांनी सगळं वाचून 'काही कामानिमित्त' हे शब्द तेवढे काढायला सांगितले. त्या जागी लिहायला लावलं, 'बतुकम्मा खेळायला गेल्या आहेत'.

नवं पान जोरात आहे. काकूंचं पान महिनाभरात घसरलं. नंतर नंतर तर अनोळखी खिडकीत मी पानामागून पान उलटत गेले तरी त्या दिसल्या नाहीत.

परवा सर्वपित्रीला तारनाक्याला गेले. फुलंवाल्यांच्या समोरून जावं लागलं, कॉलनीच्या तोंडाशीच बसल्या होत्या. लक्ष्मीच्या घरी मनोरा रचणं चाललं होतं, तंगेडूचा कडवट वास पायऱ्यांपर्यंत येत होता. अण्णा आरामखुर्चीत होते. मला बघून त्यांनी चष्मा वर केला, एका बोटाने फोनवर लिहिलं, 'हरवलेल्या बाई हैदराबाद', आणि फोन माझ्यासमोर धरला. पैठणी, नथ, सौ. वत्सला दिगंबर कदम. सगळ्यांत वर.

"पैलीच हाय की नाही?"

"हो अण्णा. पहिल्याच आहेत."

ते जेवायची तयारी करायला आत गेले. मी सवयीने माझा फोन काढला, अनोळखी खिडकी उघडली. शब्द लिहायला बोट ठेवलं, आणि ती खिडकी बंद केली. रोजच्या खिडकीत तेच शब्द लिहिले. माझ्या फोनवरही काकूच पहिल्या आल्या. इतक्या वर्षांत फोन मलाही ओळखू लागला होता.

आतून अण्णांनी विचारलं, "जेवलीस का गं?" मी नाही म्हटलं आणि ताटं घ्यायला उठले.